डोळे मिटून ऐकणें

गाण्याच्या बैठकींत डोळे मिटून बसलेला श्रोता दिसला म्हणजे तो रंगला आहे असें समजण्याची आपल्याकडे फार जुनी चाल आहे. गवईसुद्धां अशा श्रोत्याकडे पाहून मनांत सुखावतो. एखादा श्रोता खरोखरच झोंपलेला असतो. पण त्याचा निकाल मान डोलते कीं कलते यावरून तेव्हांच लागतो. गेल्या हिवाळ्यांत एका सायंकाळीं पुण्यांतील एका मोठ्या सभागृहांत आम्ही बसलों असतां सहज सभोंवार पाहिलें, तों आमच्या रांगेंतील निम्म्याहून अधिक मंडळी डोळे मिटून बसलेली दिसली. क्षणभर आम्हांस मोठें समाधान वाटलें. नंतर ध्यानांत आलें कीं, यांपैकीं रंगलेलें कोणीच नाहीं. समोरून येणारा दिव्यांचा झोत चुकविण्यासाठीं ही सारी मंडळी डोळे मिटून बसली होती, आणि एका वृद्ध गृहस्थांनीं तर हातांतील कार्यक्रमपत्रिका कपाळावर पागोळीसारखी धरिली होती.

आम्ही गेलों होतों तें त्या गायनावर चार शब्द लिहावे या हेतूनें. लिहावयास बसलों तों गायनापेक्षां उजेडच अधिक आठवूं लागला. तेव्हां आजचें हें परीक्षण गायनाचें नसून उजेडाचें आहे, हें वाचकांस आरंभींच सांगून टाकणें बरें. गवयाचें नांव आम्ही घेत नाहीं, कारण अपराध त्याचा नव्हे. सभागृहाचें व संयोजकांचेंहि घेत नाहीं, कारण असा अपराध करणारे ते एकटेच नव्हेत.

मांडणी अशी होती. मध्यें गवई, मागें दोन तंबोरे, एका बाजूस तबला, दुसऱ्या बाजूस संवादिनी. एथवर सर्व नेहमींप्रमाणें. गवयाच्या पाठीमागें मात्र भिंतीएवढा एलईडी पडदा, आणि त्याच्या दोहों अंगांस उभ्या लोखंडी चौकटींवर मान फिरविणारे दिवे बसविलेले. हे दिवे चालविणारा मनुष्य सभागृहाच्या अगदीं मागील टोकास बसतो, आणि त्याच्या बोटाच्या इशाऱ्यासरशी ते वर होतात, खालीं येतात, रंग बदलतात, मिचकावतात. त्यांचीं तोंडें गवयाकडे नव्हतीं, श्रोत्यांकडे होतीं. ही गोष्ट विशेष लक्षांत ठेविली पाहिजे. गवयावर उजेड पाडणें हा दिव्याचा जुना धर्म. श्रोत्याच्या डोळ्यांत उजेड घालणें हा नवा.

राग मारवा होता. ज्यांस या रागाचा परिचय आहे त्यांस सांगावयास नको कीं, यांत पंचम वर्ज्य, ऋषभ कोमल, मध्यम तीव्र, आणि सर्वांत विलक्षण गोष्ट ही कीं, षड्ज, म्हणजे ज्याच्या पायावर इतर रागांचें घर उभें राहतें तो स्वर, येथें बहुधा टाळला जातो. गवई कोमल ऋषभ आणि धैवत यांच्यामध्यें येरझारा घालतो, निषादापर्यंत येतो, उंबरठ्याशीं उभा राहतो आणि परत फिरतो. दिवस मावळला आणि घर अजून दूर आहे अशा वाटसरूची जी हुरहूर, ती या टाळण्यांत आहे. मग केव्हां तरी तो षड्ज लागतो, आणि ऐकणारा प्रत्येक जण रोखून धरलेला श्वास सोडतो. त्या सायंकाळीं गवयानें ही वाट फार सुंदर चालविली होती. विलंबित एकतालाचीं कित्येक आवर्तनें त्यानें षड्जास हुलकावणी दिली. आम्ही कानांत प्राण आणून बसलों होतों. आणि मागें बसलेल्या दिवेवाल्या गृहस्थांस गाणें चढत चालल्याचा कांहीं सुगावा लागला असावा, कारण नेमक्या त्या वेळीं साऱ्या दिव्यांनीं एकदम माना वर केल्या आणि पांढऱ्या उजेडाचा लोट आमच्या डोळ्यांत ओतला. आम्हीं डोळे मिटले, तोंड फिरविलें, आणि पुन्हां पाहूं लागलों तेव्हां टाळ्या वाजत होत्या. षड्ज लागून गेला होता.

कोणी म्हणेल, डोळे दिपले तर दिपले, कान तर उघडे होते! परंतु मनुष्य म्हणजे दोन निरनिराळ्या खिडक्यांचें घर नव्हे. अंधारांत बसलेल्या डोळ्यावर अकस्मात् झोत आला कीं पापणी मिटते, बाहुली लहान होते, मान वळते. आणि हें सारें आपण ठरविण्यापूर्वींच होऊन जातें, कारण डोळा वांचविणें हें शरीराचें पहिलें काम. तेवढ्या पळांत मन डोळ्यापाशीं धांवलेलें असतें. स्वर दारीं येतो, पण घेणारा घरीं नसतो.

आमचें झालें हें एवढेंच. आमच्या सौभाग्यवतींचें यापेक्षां अधिक झालें. त्यांस अर्धशिशीचा विकार आहे, आणि गाण्याचा नाद आमच्याहून जुना आहे. या दोहोंचें आजवर कसेंबसें जमत आलें होतें. ज्यांच्या घरीं हा विकार आहे त्यांस ठाऊक असेल कीं, अर्धशिशीच्या माणसास प्रखर उजेड म्हणजे नुसता त्रास नव्हे, तर प्रत्यक्ष वेदना. डोळ्याच्या पडद्यापासून निघणारे कांहीं तंतू मेंदूंतील अशा पेशींपर्यंत पोंचतात, कीं ज्या मेंदूच्या आवरणांतील वेदनाहि वाहून नेतात. त्यामुळें उजेड आणि ठणका हीं एकाच वाटेनें येतात, असें अलीकडील संशोधन सांगतें. हार्वर्डच्या वैद्यकीय विद्यालयांतील बर्स्टीन व त्यांचे सहकारी यांनीं २०१६ सालीं असें प्रसिद्ध केलें कीं, पांढरा, निळा, तांबडा, पिवळसर हे सारे रंग अशा रुग्णांची वेदना वाढवितात. मंद हिरवा तेवढा सर्वांत सुसह्य ठरतो. त्या सायंकाळीं दिव्यांनीं जगांतील बहुतेक सर्व रंग दाखविले. मंद हिरवा तेवढा दाखविला नाहीं.

पहिल्या वीस मिनिटांतच सौभाग्यवतींनीं पदराचें टोंक डोळ्यांवर धरिलें. आम्हीं उठून दाराशीं उभ्या असलेल्या स्वयंसेवकास विनंति केली कीं, हे समोरचे दिवे जरा खालीं वळवितां येतील काय? मुलगा मोठा विनयशील होता. तो म्हणाला, "सर, ते डिझाइनमध्येंच आहे." या उत्तरापुढें आमची तीस वर्षांची अध्यापकी निरुत्तर झाली. सौभाग्यवती उठल्या आणि बाहेरच्या पडवींत एका बांकावर जाऊन बसल्या. आम्ही आंत राहिलों. हें आम्हीं बरें केलें नाहीं, पण परीक्षण लिहावयाचें होतें.

आतां या दिपण्यामागील शास्त्र थोडें पाहिलें पाहिजे, कारण संयोजक मंडळींचा असा समज दिसतो कीं, ज्यांस उजेड सोसत नाहीं तीं माणसें म्हातारीं, आजारी किंवा हटवादी असावीं. वयाचा वांटा यांत आहे, हें खरें. साठीच्या मनुष्याच्या दृष्टिपटलापर्यंत विशीच्या मानानें सुमारें एकतृतीयांशच प्रकाश पोंचतो. पण जो पोंचतो तो गढूळ झालेल्या नेत्रमण्यांतून विखुरत जातो, आणि डोळ्यांत एक पांढुरकें धुकें पसरवितो. म्हणजे वृद्धास उजेड अधिक हवा, आणि तोच त्यास अधिक बोंचतो. परंतु तरुणाचाहि डोळा दिपतोच. दिवा किती प्रखर आहे एवढ्यावर तें अवलंबून नाहीं. भोंवतालीं अंधार किती आहे आणि दिवा दृष्टीच्या रेषेला किती जवळ आहे, यांवर तें अवलंबून आहे. दुपारीं समोरून येणाऱ्या मोटारीचे दिवे लागलेले आहेत हें आपल्या लक्षांतहि येत नाहीं. रात्रीं तेच दिवे आपणांस रस्त्याच्या कडेला उभे करतात. नजरेच्या रेषेपासून दिवा जितका बाजूला जातो तितका त्याचा उपद्रव झपाट्यानें घटतो: अंतराचा कोन दुप्पट झाला तर डोळ्यांतील धुकें साधारणपणें चौथाईवर येतें. गवयाच्या पाठीमागें, त्याच्या खांद्याच्या उंचीवर, श्रोत्यांकडे तोंड करून लावलेला दिवा हा या हिशेबानें अत्यंत वाईट जागीं लावलेला दिवा होय, कारण गवयाकडे पाहणें आणि दिव्याकडे पाहणें हीं तेथें एकच होतात. शिवाय अंधारास पुरते सरावावयास डोळ्यास अर्धा तास लागतो, आणि तो सराव मोडावयास एक झोत पुरतो. दर पांच मिनिटांनीं झोत येऊं लागला म्हणजे श्रोता अंधारांतहि आंधळा आणि उजेडांतहि आंधळा.

हें शास्त्र पुस्तकांतून शिकण्यापूर्वीं आम्हीं तें एका गुरवाच्या हातून पाहिलें होतें. १९७८-७९ च्या सुमारास आमच्या आजोळीं देवळांत कीर्तन असे. गांवांत वीज आलेली होती, पण ऐन वेळीं बहुधा नसे. त्यामुळें कीर्तनास बत्ती लागे. रॉकेलची, हवा भरून पेटवावयाची, सूं सूं करणारी ती बत्ती बुवांच्या बाजूच्या खांबाला टांगीत. ज्यानें ती जवळून पाहिली आहे त्यास तिचें मँटल किती प्रखर असतें हें सांगावयास नको. बत्ती टांगून झाली कीं गुरव एक काम न चुकतां करी: श्रोत्यांच्या बाजूनें कांचेबाहेर तो वांकविलेल्या पत्र्याचा एक तुकडा अडकवी. बुवांच्या तोंडावर उजेड, टाळकऱ्यांवर उजेड, आणि जाजमावर बसलेलीं आम्ही माणसें पत्र्याच्या सावलींत. त्या सावलींतहि भिंतींवरून परतलेला उजेड इतका असे कीं, बुवांस आमचीं तोंडें दिसत. कोण पेंगतो आहे हें ओळखून ते त्यास नांव घेऊन हांक मारीत. आम्हांसहि एकदां मारली होती. पत्र्याच्या त्या तुकड्यांत प्रकाशयोजनेचें सारें शास्त्र आलें असें म्हटलें तर अतिशयोक्ति होईल. निम्में तरी आलेंच.

कारण गाणाऱ्यास ऐकणारा दिसला पाहिजे, ही आपल्या संगीताची अट आहे. घरांतल्या बैठकींत गवई आणि श्रोते एकाच उजेडांत बसत. गवई एखादी अवघड जागा घेई आणि ती कोणास उमगली हें डोळ्यांनीं टिपी. ज्यास उमगली त्याच्याकडे किंचित् वळून पुढली जागा जणूं त्याच्यासाठींच घेई. दाद म्हणजे केवळ 'वाहवा' हा शब्द नव्हे. वर उचललेलें बोट, मागें गेलेली मान, दोघां श्रोत्यांची झालेली नजरानजर, हें सर्व दाद होय, आणि त्यांतील बहुतेक भाग मूक असतो. विष्णु दिगंबर पलुस्करांनीं तिकीट लावून जाहीर जलसे करण्याची प्रथा रूढ केली, भातखंड्यांनीं १९१६ सालीं बडोद्यास पहिली संगीत परिषद भरविली, आणि गाणें दिवाणखान्यांतून सभागृहांत आलें. तें यावयासच हवें होतें, नाहीं तर आमच्यासारख्या सामान्य घरांतील माणसांनीं तें ऐकलें असतें कधीं? पण सभागृहाबरोबर नाटकाची प्रकाशयोजनाहि आली: रंगमंच उजळ, प्रेक्षागार काळें. रंगमंचावर उभें राहून चार शब्द बोलण्याचा प्रसंग आम्हांसहि आला आहे. वर्गांतील मुलांचीं तोंडें पाहून बोलण्याची ज्यास संवय, त्यास समोर नुसती काळी विहीर दिसूं लागली म्हणजे आपण विनोद केला तो पोंचला कीं बुडाला हेंच कळत नाहीं. मग तासभर त्या विहिरींत मारवा सोडीत बसणाऱ्यानें काय करावें? तो टाळ्यांकडे कान लावतो. आणि मूक दादेला मुकलेला गवई टाळ्या मिळविणाऱ्या जागांकडे वळतो, यांत नवल नाहीं. द्रुत तानांचा आणि तबल्याशीं होणाऱ्या झटापटींचा जो सुकाळ आज झाला आहे, त्याचीं कारणें लोक नाना ठिकाणीं शोधतात. त्यांपैकीं एक कारण छताला टांगलेलें आहे असें आमचें मत आहे.

उजेड वाढत गेला तो मुख्यतः कॅमेऱ्यापायीं. नभोवाणीस डोळे नव्हते. १९५२ सालीं आकाशवाणीनें संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला तो ऐकावयास दिव्याची गरजच नव्हती. मुंबईस दूरदर्शन १९७२ सालीं सुरू झालें, आणि गवयास चित्रांत बसावें लागलें. त्या काळचे हजार हजार वॉटचे दिवे उष्णताहि तशीच ओकीत; तबल्याची पुडी त्या धगीनें तापून ताणली जाई आणि स्वर चढे, तंबोऱ्याच्या तारा हलत, आणि दोन रागांच्या मध्यें हातोडी व मणी यांचें निराळेंच गायन ऐकावें लागे. एलईडी दिव्यांनीं ती धग घालविली, हा त्यांचा उपकार मान्य केला पाहिजे. पण धग गेली तशी दिवे लावणाऱ्यांची भीडहि गेली. पूर्वीं चार दिव्यांनीं गवई घामाघूम होई म्हणून पांचवा लावीत नसत. आतां चाळीस लावले तरी कोणास घाम येत नाहीं.

आमच्या या तक्रारीवर, पाश्चात्त्यांकडे पाहा, तेथें संगीत आणि प्रकाश यांचा संयोग मोठमोठ्या कलावंतांनीं घडविला आहे, असें उत्तर देण्यांत येतें. आम्हीं इंग्रजीवरच पोट भरलें असल्यामुळें पाश्चात्त्यांचें नांव ऐकून दबण्याचें वय आतां राहिलें नाहीं, तथापि पाहूं. वाग्नरनें १८७६ सालीं बायरॉइट येथें आपलें नाट्यगृह उघडलें, आणि प्रेक्षागारांत अंधार करण्याची जी रीत पुढें सर्वत्र पसरली तिचें श्रेय बहुतांशीं त्या गृहाकडे जातें. पण त्याच गृहांत त्यानें दुसरी एक गोष्ट केली ती आमचे प्रकाशयोजक विसरतात. वादकांचा सारा ताफा त्यानें रंगमंचाखालच्या खोल खड्ड्यांत बसविला आणि त्यावर एक वळणदार झडप घातली. वादक दिसूं नयेत आणि त्यांच्या पुढ्यांतील स्वरलिपीवरचे दिवे प्रेक्षकांच्या डोळ्यांत येऊं नयेत म्हणून. अंधार केला, आणि त्या अंधारांत वाटेल तेथून डोकावणारा उजेड झांकलाहि. आमच्याकडे त्याची अर्धीच विद्या आली.

दुसरें नांव येतें स्क्रियाबिन या रशियन रचनाकाराचें. त्याचें 'प्रोमीथियस' हें १९१० सालचें वाद्यवृंदासाठीं लिहिलेलें काव्य प्रसिद्ध आहे, आणि त्याच्या स्वरलिपींत व्हायोलिन, तुतारी यांच्या ओळींबरोबर प्रकाशाची एक स्वतंत्र ओळ लिहिलेली आहे. १९११ सालीं मॉस्कोस पहिला प्रयोग झाला तो प्रकाशावांचून. १९१५ सालीं न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्यें रंगांसह झाला, पण रंग एका लहानशा पडद्यावर पडले आणि समीक्षकांस त्यांत कांहीं विशेष वाटलें नाहीं. प्रयोग फसला असें म्हणा; परंतु त्यामागची दृष्टि पाहा. प्रत्येक रंग कोणत्या स्वरसंगतीबरोबर यावयाचा हें रचनाकारानें स्वतः ठरविलें आहे. प्रकाश तेथें रचनेंत आहे. रचनेवर बाहेरून फेंकलेला नाहीं.

हाच मुद्दा आमच्या भाच्यानें निराळ्या बाजूनें आमच्या गळीं उतरविला. २०२५ च्या जानेवारींत नवी मुंबईस कोल्डप्ले या ब्रिटिश मंडळींचे कार्यक्रम झाले, तेथें तो गेला होता. परत आल्यावर त्यानें आम्हांस दूरध्वनीवरील चित्रें दाखविलीं: हजारों प्रेक्षकांच्या मनगटांवर लुकलुकणारीं कडीं, तीं एका ठिकाणाहून चालविलेलीं, आणि सारें क्रीडांगण चांदण्यानें भरल्यासारखें. आम्हांस तें आवडलें, हें येथें कबूल करितों. हजारों ठिकाणीं वांटलेला उजेड कोणाच्याच डोळ्यांत जात नाहीं. पण अशा कार्यक्रमांत दुसरे दिवेहि असतात. प्रेक्षकांच्या तोंडावर फेंकण्याच्या एका प्रकारच्या दिव्यास इंग्रजींत नांवच 'ब्लाइंडर', म्हणजे आंधळें करणारा, असें आहे. नांव ठेवणारा निदान प्रामाणिक होता. भाचा म्हणाला, "मामा, ढोलाच्या ठोक्याबरोबर तो दिवा अंगावर आला नाहीं तर गाणें लागल्यासारखें वाटत नाहीं." यास आम्हांपाशीं उत्तर नव्हतें, आणि आतां वाटतें कीं, असूंहि नये. त्या संगीतांत गाण्याची मात्रा न् मात्रा आधीं ठरलेली असते. दिवे त्या मात्रांस बांधून ठेवतां येतात. ठोका आणि झोत एकाच क्षणीं पडतात. ब्लाइंडरमुळें तर समोरचा समुदाय गाणाऱ्यास दिसतो, आणि सारें मैदान एका उजेडांत येतें. तें एक निराळें पण प्रामाणिक कलारूप आहे. ख्यालाचें तसें नाहीं. विलंबित ख्यालांत समेवर गवई कोणत्या वाटेनें येईल हें तबलजीसहि आधीं ठाऊक नसतें, तें मागें बसलेल्या दिवेवाल्यास कोठून असणार? तो एकतर अंदाजानें पुढें धांवतो किंवा टाळ्या ऐकून मागाहून येतो. मारव्याच्या त्या षड्जाचें जें झालें तो त्या गृहस्थाचा हलगर्जीपणा नव्हता. ज्या कामाचा आराखडाच करतां येत नाहीं तें काम त्यास दिलें होतें. आणि रागास स्वतःची वेळ असते, हें तर आपल्या संगीताचें वैशिष्ट्य. सूर्यास्ताचा राग भर दुपारच्या पांढऱ्या उजेडांत ऐकविणें म्हणजे स्वरलिपींत न लिहिलेला एक विसंवादी स्वर मध्येंच वाजविणें होय.

केवळ रुचीचाच प्रश्न असता तर आम्ही एवढ्यावर थांबलों असतों. परंतु लुकलुकणाऱ्या प्रकाशानें कांहीं माणसांस अपस्माराचा झटका येतो. जपानमध्यें १६ डिसेंबर १९९७ रोजीं मुलांच्या एका चित्रमालिकेंत तांबड्या-निळ्या रंगांची झपाट्यानें उघडझांप दाखविली गेली, आणि सुमारें ६८५ जणांस, बहुतेक मुलांस, रुग्णालयांत न्यावें लागलें. हॉलंडांतील २८ नृत्यसंगीत-महोत्सवांच्या, सुमारें चार लक्ष प्रेक्षकांच्या नोंदी तपासून २०१९ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासांत, अंधार पडल्यानंतरच्या कार्यक्रमांत असे झटके दिवसाच्या मानानें तिपटीहून अधिक आढळले. ब्रिटनमधील मार्गदर्शक नियमांत दर सेकंदास चारांहून अधिक लुकलुक नसावी असें सांगितलें आहे. आपल्याकडे २०२३ च्या गणेशविसर्जनानंतर लेझरच्या किरणांनीं दृष्टिपटलास इजा झालेलीं माणसें नेत्रवैद्यांकडे आलीं, आणि २०२४ सालीं पुण्याच्या पोलिसांनीं मिरवणुकींतील त्या किरणांस बंदी केली. लेझरची गोष्ट साध्या दिव्याहून निराळी आहे हें येथें सांगितलें पाहिजे: साध्या दिव्याचा उजेड पसरतो, लेझरचा किरण एकवटलेलाच राहतो आणि डोळ्याचें भिंग त्यास पडद्यावर आणखी बारीक बिंदूंत गोळा करितें. दिव्यानें डोळा दिपतो. लेझरनें जळूं शकतो. रात्रीं दहानंतर ध्वनिवर्धक नको असा नियम २००० सालीं झाला, तेव्हां रात्रभर चालणाऱ्या मैफली गेल्या म्हणून आम्हींहि हळहळ केली होती. कानाची काळजी घेण्याकरितां आपण इतकें सोसलें. डोळ्याकरितां दिव्याची मान चार बोटें खालीं करणेंहि जड जावें?

तोंवर श्रोत्यानें काय करावें हें, त्या सायंकाळीं शिकलों तेवढें, सांगतों. पुढील रांगांच्या मधल्या जागांचा मोह सोडावा. कडेला बसल्यानें समोरचे दिवे नजरेच्या रेषेपासून दूर होतात. सज्जांत बसणाऱ्यानें मात्र वर टांगलेले दिवे आपल्याच डोळ्यांच्या उंचीवर नाहींत ना हें आधीं पाहावें. पुढें पाखें असलेली टोपी ही काळ्या चष्म्याहून बरी. ती वरून येणारा झोत अडविते आणि गवई दिसूं देते. काळा चष्मा सारेंच काळें करितो. पोलरॉइड भिंगें रस्त्यावरील पाण्याची चकाकी मारण्यास उत्तम, पण दिव्याच्या थेट झोतापुढें त्यांचा विशेष गुण साध्या काळ्या कांचेहून अधिक नाहीं. अर्धशिशीच्या कित्येकांस गुलाबीसर छटेचीं भिंगें मानवतात असें वैद्य सांगतात. सौभाग्यवतींस तीं मानवलीं. लुकलुक असह्य झाली आणि अपस्माराचें भय असेल तर नुसते डोळे मिटून उपयोग नाहीं, कारण मिटल्या पापणींतूनहि तांबडा उजेड आंत येतोच. एक डोळा तळहातानें पूर्ण झांकावा आणि तोंड फिरवावें. हे सारे उपाय खरे आहेत. पण गाणें ऐकावयास जाणाऱ्यानें टोपी, रंगीत भिंगें आणि तळहात यांची सामग्री घेऊन निघावें, हें लिहितांना आमची लेखणी जरा अडखळते.

संयोजकांकडे आमचें मागणें याहून थोडें आहे. श्रोत्यांकडे तोंड केलेला एकहि दिवा नको. आणि प्रेक्षागार पूर्ण काळें न करितां तेथें मंद, स्थिर, उबदार उजेड राहूं द्यावा. या दुसऱ्या गोष्टीस खर्च कांहींच नाहीं. भोंवतालचा अंधार कमी झाला कीं रंगमंचावरचा दिवा आपोआप सौम्य वाटूं लागतो. आणि त्याच मंद उजेडांत गवयास समोरचीं तोंडें दिसूं लागतात. डोळ्याचें औषध आणि दादेचें औषध येथें एकाच बाटलींत आहे. कॅमेरेवाले कुरकुरतील. पण अलीकडचे कॅमेरे थोड्या उजेडांत पूर्वींपेक्षां पुष्कळ अधिक पाहूं शकतात, असें त्यांच्यांतलेच लोक आम्हांस सांगतात.

त्या सायंकाळीं मारवा संपल्यावर आम्ही बाहेर पडवींत गेलों. सौभाग्यवती बांकावर भिंतीला टेकून बसल्या होत्या. डोळे मिटलेले, हातांत चहाचा कागदी पेला, निवालेला. वर एकच साधा बल्ब होता. दार किंचित् उघडें राहिलें होतें, त्यांतून आवाज स्वच्छ येत असावा. आम्ही जवळ जाऊन बसलों तेव्हां त्यांनीं डोळे न उघडतांच विचारलें, "काय षड्ज लागला हो! तुम्हांला कसा वाटला?" आम्हीं बरा वाटला म्हणून सांगितलें.

संयोजकांस आम्हीं पत्र पाठविलें होतें. दोन आठवड्यांनीं उत्तर आलें कीं, आपली सूचना प्रकाशयोजना करणाऱ्यांकडे पाठविण्यांत आली आहे. पुढल्या महिन्यांत त्याच सभागृहांत एका बाईंचें गाणें आहे. तिकिटें काढलीं आहेत. बाराव्या रांगेंतलीं, डाव्या कडेचीं. दाराजवळच्या जागा पाहूनच काढलीं. टोपी सौभाग्यवतींनीं लक्ष्मी रस्त्यावर जाऊन स्वतः निवडली, आणि आमच्यासाठींहि एक आणली आहे. ती घालून पाहण्याचें धैर्य मात्र अद्याप आम्हांस झालेलें नाहीं.